लाकडी फरशी घासण्याआधी

प्रश्न : आम्ही राहतो त्या जुन्या घरात दोन खोल्यांना लाकडी फरशी आहे. झोपायच्या खोलीतील फरशीची चमक गेली आहे आणि तिच्यावर बारीक ओरखडे आहेत, पण लाकूड कुठे उघडे पडलेले दिसत नाही. दिवाणखान्याची अवस्था मात्र वाईट आहे. दारापासून सोफ्यापर्यंतचा पट्टा करडा पडला आहे, खिडकीखाली वर्षानुवर्षे लोखंडी पायांवर कुंडी ठेवलेली होती तिथे काळे वर्तुळ उमटले आहे आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीजवळच्या काही फळ्या कडांना उचलल्यासारख्या पायाला लागतात. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, भाड्याने ड्रम सँडर आणून शनिवार-रविवारात दोन्ही खोल्या घासून काढू आणि पॉलिश मारून मोकळे होऊ. मला त्या यंत्राची धास्ती वाटते. हे काम घरच्या घरी जमण्यासारखे आहे का, यंत्र कोणते घ्यावे आणि पॉलिश तेलाचे घ्यावे की पाण्याचे, हे कृपया सांगावे.

उत्तर : काम घरच्या घरी जमण्यासारखे आहे. मात्र तुमच्याकडे ते एक काम नसून दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांपैकी एक अजून सुरूच करता येणार नाही. झोपायच्या खोलीतली फरशी लाकडापर्यंत घासण्याची गरज मला पत्रावरून तरी दिसत नाही. दिवाणखान्याला ती गरज आहे. पण न्हाणीघराच्या भिंतीकडच्या फळ्या कशामुळे उचलल्या गेल्या याचा छडा लागेपर्यंत त्या खोलीत कोणतेही यंत्र नेऊ नये. तेव्हा यजमानांचा उत्साह कितीही कौतुकास्पद असला, तरी शनिवार-रविवारचा हिशेब त्यांना सोडून द्यावा लागेल.

यंत्र कोणते हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचे ते हे की, फरशीत घासण्याजोगे लाकूड किती उरले आहे. भरीव लाकडाच्या फळ्या साधारणपणे १८ ते २० मि.मी. जाडीच्या असतात, त्यामुळे त्या कितीही वेळा घासता येतील असे वाटते. प्रत्यक्षात एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसवलेली असते आणि त्या जिभेच्या वर जेवढे लाकूड आहे, सुमारे ६ मि.मी., तेवढेच आपल्या उपयोगाचे असते. पूर्ण घासणीत त्यातले अर्धा ते एक मि.मी. लाकूड जाते, आणि तुमच्या आधी या घरात राहून गेलेल्यांनी ती फरशी किती वेळा घासून घेतली होती हे सांगायला आज कोणी नसते. म्हणून मोजूनच पाहावे. दाराच्या उंबरठ्याची पट्टी किंवा भिंतीलगतच्या स्कर्टिंगचा एखादा तुकडा अलगद काढला, तर फळीची कड उघडी दिसते. तेही शक्य नसेल, तर दोन फळ्यांमधल्या फटीत पातळ पण ताठ कार्ड जिभेला टेकेपर्यंत उभे घालावे, फरशीच्या पातळीवर त्याच्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि बाहेर काढून पट्टीने मोजावे. दोन्ही खोल्यांत चार-सहा ठिकाणी, विशेषतः वर्दळीच्या पट्ट्यात, ही मोजणी करावी. खूण ३ मि.मी.च्या आत आली, तर भाड्याच्या यंत्राचा विचार सोडावा आणि जाणकार कारागिराला बोलवावे. फळ्यांचे खिळे मुळात जिभेत लपवून ठोकलेले असतील आणि आता त्यांची डोकी वर दिसू लागली असतील, किंवा खाचेची वरची कड ढलप्यासारखी सुटू लागली असेल, तर मोजणीचीही गरज नाही. ती फरशी आणखी घासणी सोसणार नाही.

याच वेळी फळ्या भरीव लाकडाच्याच आहेत ना, हेही उघड्या कडेवरून पाहून घ्यावे. कडेला प्लायवुडसारखे आडवे-उभे थर दिसले, तर ती थरांची, म्हणजे इंजिनिअर्ड फरशी होय. तिच्यावरचा खऱ्या लाकडाचा थर कधी ६ मि.मी., तर कधी एक मि.मी.पेक्षाही कमी असतो, आणि २ मि.मी.पेक्षा पातळ थरावर यंत्र चालवणे म्हणजे खालचे प्लाय उघडे पाडणे. लॅमिनेटवर तर लाकूड नसतेच, लाकडाचे छापील चित्र असते. ठरावीक अंतराने तीच गाठ आणि त्याच रेषा पुन्हा दिसल्या की ओळखावे. तुमचे घर जुने आहे, तेव्हा फळ्या बहुधा भरीवच निघतील. पण जुन्या घरातही मधल्या काळात एखादी खोली बदलून घेतलेली असू शकते.

आता झोपायच्या खोलीकडे येऊ. फरशीवर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाकून काही मिनिटे थांबावे. थेंब मण्यासारखे उभे राहिले, तर वरचा थर शाबूत आहे. ते पसरून लाकूड गडद झाले, तर थर झिजून गेला आहे. तुमच्या वर्णनावरून थेंब उभे राहतील असे वाटते. मग एवढेच करायचे की, वरचा थर फक्त खरवडल्यासारखा निस्तेज करून त्याच्यावर नवा हात द्यायचा. त्यासाठी फिरत्या चकतीचे बफर यंत्र आणि १५० नंबरची घासायची जाळी (नंबर जितका मोठा, तितकी घासणी बारीक) किंवा खरखरीत पॅड पुरतो; लहान खोली असेल, तर लांब दांड्याच्या घासणीवरही भागते. लाकडाला हात लागत नाही, धूळ थोडी होते आणि एका दिवसात खोली उरकते. अडचण एकाच ठिकाणी येऊ शकते, ती म्हणजे आधी कोणी फरशीला मेण किंवा चमक आणणारे सिलिकोनयुक्त द्रव्य लावलेले असणे. त्याच्यावर नवा थर चिकटत नाही. कालांतराने पापुद्रे सुटतात, आणि मग संपूर्ण घासण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडे मिनरल टर्पेंटाइन घेऊन चोळावे. कापडावर पिवळट-तपकिरी चिकट डाग आला, तर मेण आहे असे समजावे. दुसऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा ठेवून पाहावा. थर मऊ होऊन चिकटू लागला, तर ते लाखेचे जुने पॉलिश आहे आणि त्याच्यावर आजचे पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर धरणारे पॉलिश, थेट देणे जोखमीचे ठरते. दोन्ही चाचण्या निर्धोक निघाल्या, तरीही पलंगाखालच्या हातभर जागेत आधी नवा हात देऊन आठवडाभर वाट पाहावी आणि मग नखाने किंवा चिकटपट्टीने तो निघतो का ते बघावे.

दिवाणखान्यातला खरा प्रश्न करड्या पट्ट्याचा नाही, तर उचललेल्या कडांचा आहे. लाकूड ओलावा घेते तेव्हा ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. फळीच्या पोटाला ओल लागत असेल आणि पाठ कोरडी असेल, तर पोटाची बाजू अधिक फुगते आणि फळी पन्हळीसारखी होऊन तिच्या कडा वर येतात. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, म्हणजे नळाच्या जोडातून, निचऱ्याच्या तोंडापासून किंवा फरशीच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी हा पहिला संशय. ही गळती न थांबवता यंत्राने वर आलेल्या कडा कापून फरशी सपाट केली, तर त्या दिवशी ती सुरेख दिसेल. पुढे केव्हातरी ओल हटली की फळ्या मूळ आकारात परत येऊ लागतील. पण कडांचे लाकूड आता कापले गेलेले असल्यामुळे मधला भाग टेकाडासारखा वर राहील. म्हणजे फरशी पुन्हा घासायची आणि जिभेवरचे आणखी एक मि.मी. गमवायचे.

म्हणून आधी प्लंबरला बोलवावे, मग वाट पाहावी. लाकडातील ओलावा मोजणारे दोन टोकदार सुयांचे छोटे यंत्र मिळते. त्याने उचललेल्या फळ्यांचा आणि खोलीच्या मध्यावरील चांगल्या फळ्यांचा आकडा आठवड्यातून एकदा लिहून ठेवावा. दोन्हींतला फरक २ टक्क्यांच्या आत आला आणि सलग काही आठवडे तिथेच राहिला की, फळ्या सुकल्या असे म्हणता येईल. याला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही लागतात. बऱ्याचदा सुकल्यावर कडा आपणहून खाली बसतात आणि घासायचे काम निम्मे होते. हिटर लावून किंवा पंखा रोखून घाई करू नये. झपाट्याने सुकवलेले लाकूड फाटते. या फळ्यांना दाभणाने टोचूनही पाहावे. टोक सहज आत गेले, तर लाकूड कुजले आहे आणि त्या फळ्या बदलूनच घ्याव्या लागतील.

आता यंत्र. ड्रम सँडरची धास्ती तुम्हाला वाटते ती अगदी रास्त आहे. त्याच्या फिरत्या दंडगोलावर खरखरीत पेपर ताणलेला असतो आणि तो फरशीला टेकलेला असताना यंत्र क्षणभर जरी जागच्या जागी थांबले, तरी तिथे आडवा खळगा पडतो. तो खळगा घासताना दिसत नाही. पॉलिश चढून खिडकीचा उजेड तिरपा पडला की दिसतो. सराईत माणसाच्या हातात ते उत्तम यंत्र आहे. पण पहिल्यांदाच फरशी घासणाऱ्याने तीन किंवा चार फिरत्या चकत्यांचे ऑर्बिटल यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सावकाश कापते, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि पेपरही जास्त खर्च होतो, पण हातून झालेली चूक ते खोल जाऊ देत नाही. यजमान ड्रमवरच अडून बसले, तर त्यांना एवढे तरी सांगावे की यंत्र बंद ठेवून आधी दहा-वीस फेऱ्या चालून बघाव्यात, ड्रम नेहमी चालायला लागल्यानंतरच खाली टेकवावा आणि थांबण्याआधी वर उचलावा. यंत्र कोणतेही असले तरी भिंतीलगतच्या वीतभर पट्ट्यासाठी एजर हे हातात धरायचे वेगळे यंत्र लागते आणि कोपऱ्यांसाठी धारदार स्क्रेपर. ही यंत्रे वीज भरपूर खेचतात. बारीक तारेचे घरगुती एक्स्टेन्शन वापरल्यास तार तापते, म्हणून भाड्याने देणाऱ्याकडूनच जाड तारेचे घ्यावे.

घासण्यापूर्वी खोली संपूर्ण रिकामी करावी, पडदे उतरवावेत, दाराच्या फटी आणि कपाटे प्लास्टिकने बंद करावीत. करकरणाऱ्या फळ्या याच वेळी खिळ्यांनी किंवा स्क्रूने आवळून घ्याव्यात. मग फरशीवर गुडघे टेकून, हाताने चाचपत, प्रत्येक खिळा शोधावा आणि त्याचे डोके पंचाने २-३ मि.मी. आत बसवावे. कंटाळवाणे काम आहे, पण वर राहिलेले एक डोके पेपर टरकावते आणि त्यातून उडालेली ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली, तर आग लागू शकते. स्कर्टिंगला किंवा फरशीला जुन्या काळच्या तेली रंगाचे थर असतील, तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. अशा रंगाची चाचणी केल्याखेरीज तो कोरडा घासू नये, घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर मुळीच नाही.

पेपरचा क्रम ४०, ६०, ८० आणि १०० असा ठेवावा. बहुतेकांचे काम बिघडते ते शेवटच्या पेपरवर नव्हे, पहिल्यावर. जुना थर पूर्ण जाणे आणि सर्व फळ्या एका पातळीत येणे ही दोन्ही कामे ४० नंबरनेच संपवायची असतात. पुढचे पेपर फक्त आधीच्या पेपरचे ओरखडे मिटवतात. कुठे थोडे पॉलिश राहिले आहे, ते ६० ने निघेल, असे म्हणून पुढे गेलेला माणूस ६० वर दुप्पट वेळ घालवतो. त्याचप्रमाणे ४० वरून एकदम १०० वर उडी मारली, तर खोल ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिशचा पहिला हात पडताच उठून दिसतात. यावर एक साधी युक्ती आहे. प्रत्येक पेपर सुरू करण्याआधी साऱ्या फरशीवर पेन्सिलीने हलक्या, नागमोडी रेघा ओढाव्यात. रेघ जिथे शिल्लक राहिली तिथे यंत्र पोचलेले नाही, किंवा फळी खोलगट आहे. सगळ्या रेघा गेल्या की पुढचा पेपर. शिवाय खोलीत अंधार करून टॉर्च फरशीवर आडवा ठेवावा. वरच्या दिव्यात गुळगुळीत दिसणारी फरशी त्या आडव्या उजेडात आपली एकेक खोड उघडी करते.

यंत्र फळ्यांच्या लांबीच्या दिशेने, सावकाश आणि एकाच चालीने न्यावे आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवावी. फळ्या खालीवर असतील, तर पहिल्या पेपरच्या सुरुवातीच्या फेऱ्या किंचित तिरप्या घ्याव्यात, मग सरळ. प्रत्येक नंबरनंतर त्याच नंबरच्या पेपरने एजर फिरवून कडा घ्याव्यात आणि खोली व्हॅक्यूमने पूर्ण झाडावी. झाडणे टाळू नये, कारण ४० नंबरच्या पेपरचा गळालेला एक खडा ८० च्या पेपरखाली सापडला, तर तो लांबलचक चर पाडतो. एजर एका जागी रेंगाळला की अर्धवर्तुळाकार ओरखडे पडतात. त्यांना आणि मधल्या भागाला एकजीव करण्यासाठी शेवटी सगळ्या फरशीवर बफरने १०० किंवा १२० ची जाळी फिरवावी. याहून बारीक पेपर वापरण्याचा मोह होतो, पण फार गुळगुळीत झालेले लाकूड रंग आणि पॉलिश नीट पीत नाही. या टप्प्यापासून खोलीत बुटांना मज्जाव, फक्त स्वच्छ मोजे. आणि कपाळाला पट्टी बांधावी, कारण उघड्या लाकडावर पडलेला घामाचा थेंबसुद्धा डाग सोडतो.

फटींबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण हात शिवशिवतीलच, म्हणून सांगतो. फळ्यांमधल्या बारीक फटी कोरड्या दिवसांत रुंदावतात आणि दमट दिवसांत मिटतात. त्या लांबीने, म्हणजे भेगा भरायच्या लगद्याने, ठासून भरल्या, तर पुढच्या दमट ऋतूत फळ्या तो लगदा चिरडून बाहेर ढकलतात. वर्षभर उघड्याच राहणाऱ्या फटी, खिळ्यांची भोके आणि गाठींतले खड्डे तेवढे भरावेत. त्यासाठी ८० च्या पेपरनंतर एजरच्या पिशवीत जमलेला त्याच लाकडाचा बारीक भुसा फिलरच्या द्रवात कालवून घेतला की रंग जुळतो.

कुंडीखालचे काळे वर्तुळ घासून जाईल अशी आशा ठेवू नये. लाकडातले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य, पाणी आणि कुंडीच्या पायांचे लोखंड यांच्या संयोगातून हा डाग तयार होतो आणि तो जिथवर पाणी मुरले तिथवर खोल असतो. तो जाईपर्यंत घासले, तर फरशीत बशीएवढा खड्डा तयार होईल. त्यावर ऑक्झॅलिक आम्ल हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. ८० च्या पेपरनंतर, लाकूड उघडे असताना, त्याचे स्फटिक डब्यावरच्या सूचनेप्रमाणे कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावावेत. फक्त वर्तुळाला न लावता डाग असलेल्या फळ्यांना टोकापासून टोकापर्यंत लावावे, नाहीतर काळ्या वर्तुळाच्या जागी पांढरे वर्तुळ मिळेल. डाग फिका झाला की स्वच्छ पाण्याच्या फडक्याने अनेकदा पुसून आम्ल काढून टाकावे आणि लाकूड पूर्ण सुकल्यावरच १०० चा पेपर मारावा. आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवा आणि न धुतलेल्या आम्लाची धूळ श्वासात जाता कामा नये. एवढे करूनही काळे राहिले, तर कपाटाखालची एखादी चांगली फळी काढून तिथे बसवणे हाच मार्ग उरतो, आणि तो काही वाईट मार्ग नाही.

फरशीला वेगळा रंग देण्याचा विचार असेल, तर पहिल्या खेपेला तो टाळावा. घासण्यात राहिलेली प्रत्येक उणीव रंगामुळे दुप्पट दिसते.

पॉलिशचे म्हणाल तर, घरात राहत असताना काम करणार असाल तर पाण्याचे पॉलियुरेथेन घ्यावे. ते दोन ते चार तासांत सुकते, त्याचा वास सौम्य असतो आणि ते लाकडाचा रंग फारसा बदलत नाही. तेलाच्या पॉलियुरेथेनचा थर जाड बसतो आणि लाकडाला मधाळ छटा येते, जी अनेकांना, मलाही, आवडते. पण प्रत्येक हाताला रात्रभर सुकू द्यावे लागते, वास दिवसेंदिवस घरात राहतो आणि कालांतराने पिवळेपणा वाढत जातो. फळ्या सागाच्या असतील, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सागाच्या अंगचे तेल तेलाच्या पॉलिशला नीट सुकू देत नाही, म्हणून पॉलिशच्या आधी फरशी योग्य थिनरने पुसून घ्यावी आणि एका फळीवर चाचणी करूनच पुढे जावे. मेण मिसळलेल्या तेलाचा तिसरा पर्यायही आहे. त्यात खराब झालेला तुकडा तेवढाच दुरुस्त करता येतो, पण देखभाल नियमित लागते. हार्डनर मिसळायचे दोन डब्यांचे पॉलिश सर्वांत टणक असले, तरी त्यातील हार्डनर फुफ्फुसांना घातक असू शकतो, तेव्हा ते व्यावसायिकांवर सोडावे. चकाकी शक्यतो सॅटिन, म्हणजे मंद, घ्यावी. आरशासारख्या ग्लॉसवर धुळीचा कणही लपत नाही.

वर्दळीच्या खोलीला पाण्याच्या पॉलिशचे किमान तीन हात द्यावेत. डबा हलवू नये, ढवळावा, म्हणजे बुडबुडे होत नाहीत. खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून, दारापासून सर्वांत लांबच्या भिंतीकडून सुरुवात करावी आणि दाराशी संपवावी. पॉलिशचा पट्टा फरशीवर ओतून रुंद ॲप्लिकेटरने फळ्यांच्या दिशेने ओढावा आणि मागच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिला मिळवावा. सुटून गेलेला ठिपका दिसला तरी मागे वळून तो सुधारायला जाऊ नये. अर्धवट सुकलेल्या थरात ब्रश घालणे हे त्या ठिपक्यापेक्षा वाईट दिसते, आणि पुढच्या हातात तो भरून निघतोच. पृष्ठभाग धरला की खिडक्या उघडाव्यात. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि फरशी खरखरीत लागते. त्याने दचकू नये. १८० किंवा २२० च्या पेपरने हलकेच घासून, व्हॅक्यूम करून, ओलसर फडक्याने पुसून पुढचा हात द्यावा. पाण्याच्या पॉलिशखाली स्टील वूल वापरू नये, कारण त्याचे सुटलेले तंतू गंजून ठिपके पडतात.

एका गोष्टीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. जुन्या पॉलिशसह निघालेला भुसा पिशवीत दाबून राहिला, तर आपोआप तापून तासाभराने, कधी मध्यरात्री, पेट घेऊ शकतो. म्हणून पिशवी एक तृतीयांश भरली की घराबाहेर धातूच्या झाकणाच्या डब्यात रिकामी करावी आणि रात्री यंत्रात भुसा ठेवू नये. जवसाच्या तेलाची किंवा तेलाच्या पॉलिशची फडकी गोळा करून टाकली, तर त्यांचेही तसेच होते. ती बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवावीत. घासताना आणि तेलाचे पॉलिश लावताना घरातील गॅसच्या ज्योती बंद असाव्यात. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नमूद केले आहे, तेव्हा नाकाला रुमाल बांधून भागणार नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क आणि कानांना संरक्षण दोघांनाही हवे.

वेळेचा हिशेब असा धरावा : झोपायच्या खोलीसाठी एक शनिवार पुरेल आणि तिच्यावर तुम्हा दोघांचा हातही बसेल. दिवाणखान्यासाठी, तो सुकल्यानंतर, घासण्याला पूर्ण दोन दिवस आणि पॉलिशला आणखी दोन दिवस मोकळे ठेवावेत. शेवटच्या हातानंतर दुसऱ्या दिवशी मोज्यांनी चालता येईल. फर्निचर तीन-चार दिवसांनी, न ओढता उचलून, पायांना फेल्टचे तुकडे चिकटवून ठेवावे. गालिचा मात्र पाण्याच्या पॉलिशवर दोन आठवडे आणि तेलाच्या पॉलिशवर महिनाभर अंथरू नये, कारण वरून सुकलेला दिसणारा थर आतून कडक व्हायला तेवढा वेळ घेतो. आणि रबरी पाठीची पायपुसणी तर या फरशीवर कधीच टाकू नयेत, त्यांच्यातली द्रव्ये पॉलिशमध्ये उतरून पिवळे चौकोन पाडतात.